कथामाळेतला सुटा मणी

लखनौच्या चौक भागाकडे जाताना किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या घुमटांच्या इमारती दिसतात. १९०५ साली त्यांची कोनशिला बसली, १९११ साली अध्यापन सुरू झाले आणि २००२ साली महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. पांढरा कोट हातावर टाकून बाहेर पडणारे विद्यार्थी पाहिले, की मला वाटते, यांच्यावर कादंबरी लिहू नये. कथाच लिहाव्यात आणि त्याही एकमेकींत गुंफलेल्या.

कादंबरीला बहुधा एक नायक लागतो. वैद्यकीय विद्यार्थ्याचे आयुष्य मात्र पाळ्यांमध्ये विभागलेले असते. आज शल्यविभाग, काही आठवड्यांनी प्रसूतिविभाग, मग बालरुग्ण. शिक्षक बदलतात, खाटा बदलतात, बरोबरीची चार मुले तेवढी तीच राहतात. रुग्ण तर एकदाच येतो आणि पुढे त्याचे काय झाले, हे पुष्कळदा कळतही नाही. ही रचना मुळातच कथामालिकेची आहे.

टोरँटोचे डॉक्टर व्हिन्सेंट लॅम यांचा ‘ब्लडलेटिंग अँड मिरॅक्युलस क्यूअर्स’ हा संग्रह या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याला २००६ साली कॅनडातील गिलर पुरस्कार मिळाला. त्यातील एका कथेत मिंग, चेन आणि श्री हे तिघे शवविच्छेदन करीत असतात. मृताच्या दंडावर काही गोंदलेले आहे. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यावरून सुरी चालवावी, की ते गोंदण वाचवावे? वाद एवढाच, पण त्यातून प्रत्येकाचा स्वभाव उघड होतो. पहिल्या कथेत वैद्यकीय प्रवेशासाठी धडपडणारा फिट्झजेराल्ड पुढे, सार्सच्या साथीच्या कथेत, चेनप्रमाणे स्वतःच रुग्ण होऊन अलग खोलीत पडलेला असतो. मधल्या वर्षांबद्दल लेखक फारसे बोलत नाही. ती वर्षे वाचकाने भरायची असतात. मला या वाचनाचे खरे सुख त्या रिकाम्या जागांत सापडले.

मग सुटी कथा दुबळी असते का? मुळीच नाही. याच लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयात आणि पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झालेल्या रशीद जहाँ यांचे लेखन आठवावे. १९३२ साली लखनौहून प्रसिद्ध झालेल्या ‘अंगारे’ या चार लेखकांच्या संग्रहात त्यांची एक लहानशी कथा आणि एक एकांकिका आहे. एकांकिकेतील पडद्याआडची स्त्री सततच्या बाळंतपणांनी खचून गेली आहे. पुढच्याच वर्षी संयुक्त प्रांताच्या सरकारने तो संग्रह जप्त केला. जे एकटे उभे राहण्यासाठी लिहिलेले असते, ते असे एकट्याने उभे राहते.

अडचण होते ती माळेतला मणी ओवणीतून काढल्यावर, आणि ते काम आम्ही पाठ्यपुस्तकवाले नेमाने करतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधील एखादे व्यक्तिचित्र वेगळे काढले तरी फारसे बिघडत नाही, कारण तो माणूस तेथे पुरा झालेला असतो. शिकाऊ डॉक्टर मात्र एका कथेत पुरा होत नाही. पहिल्या मृत्यूपुढे थिजलेला मुलगा चार कथांनंतर तशाच मृत्यूची नोंद न थांबता करतो. हे त्याचे शिकणे आहे की हरवणे, हा प्रश्न दोन्ही कथा वाचल्याखेरीज पडतच नाही.

समितीत बसून मीही असे उतारे निवडले आहेत. पृष्ठमर्यादा असते, प्रश्न काढणे सोपे जाते. चार ओळींच्या प्रस्तावनेत मागचा संदर्भ उरकला, की आमचे समाधान होते. एकदा दिवसा औषधांच्या दुकानात काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने पत्रातून विचारले, ‘‘सर, तो मुलगा पुढे डॉक्टर झाला का?’’ उत्तर मूळ संग्रहात तीन कथांनंतर होते. आमच्या पुस्तकात उताऱ्याखाली पाच प्रश्न होते, आणि हा प्रश्न त्यांत नव्हता.

यापुढे अशा संग्रहातून एकीऐवजी एकाच पात्राच्या दोन कथा घ्याव्यात, त्यासाठी एखादा निबंध गाळावा लागला तरी चालेल, असे मी बैठकीत सुचविले आहे. कोणता निबंध गाळायचा, यावर अजून एकमत झालेले नाही.