कपाटामागची भिंत

गेल्या वर्षी गणपतीला चार दिवस राहिले होते. कूट करायला म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून शेंगदाण्यांचा डबा काढला, तर कुबट वास आला. झाकण सैल, आणि दाण्यांवर हिरवट बुरशी! ह्यांच्या मदतीने कपाट पुढे ओढलं. मागचं प्लायवुड भिजलेल्या पापडासारखं मऊ झालेलं आणि भिंत काळी ठिक्कर.

सासूबाई म्हणाल्या, "भाजून घेऊ गं, जाईल सगळं." पण बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पूर्ण जात नाही. तीन किलो दाणे टाकताना जीव हळहळला, पण टाकले.

आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यात घर जांभ्याचं, आणि जांभा पाणी पितो. पश्चिमेची भिंत तर सगळी झड अंगावर घेते. नेमकं तिथेच सुताराने कपाट अगदी चिकटवून बसवलं होतं. "फट ठेवली तर झुरळं होतील," म्हणाला, आणि मलाही ते पटलं! खरं तर झुरळांना बोटभर फटच आवडते. झाडू आत जाईल अशी दोन-तीन इंच जागा सोडली, तर वाराही फिरतो आणि केरही निघतो. कपाटाला खाली चार इंची पाय हवेत. भिंतीवरच्या फळ्यांच्या मागेही लाकडी पट्ट्या ठोकून घ्याव्यात.

पण ओल येते कुठून, ते आधी पाहा. वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या भेगा, फुटकी पन्हळ, मोरीचा नळ तपासा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले, तर ती आपल्याच भाताची नि डाळीची वाफ. पातेल्यावर झाकण ठेवा, आणि पाऊस उघडला की खिडकीही उघडा.

ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मात्र नको. आम्ही तेच केलं होतं. ओल आत कोंडून पोपडे आले. आता भेगा बुजवून, भिंत उन्हाळाभर वाळवून चुनाच दिला आहे. बुरशी कधी कोरड्या झाडूने झटकू नये, घरभर उडते. नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसावी, मग पंखा लावून ठेवावा. डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, आणि धान्याजवळ तर त्या नकोतच.

दाण्यांचा डबा आता घट्ट झाकणाचा, वरच्या कप्प्यात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बॅटरी लावून मी कपाटामागे डोकावते. सुतार भेटला की अजून झुरळांचीच चौकशी करतो.