हा ‘ओ’ की हे शून्य?

बालमित्रांनो, मागच्या वर्षी तुमच्या या बाईंच्या हातून एक चूक झाली. चूक केवढी? मुगाच्या दाण्याएवढी! पण तिच्यापायी माझ्या वर्गातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती चार महिने अडकून पडली. आज तीच गोष्ट सांगते. चुका काय फक्त मुलंच करतात?

ती मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेत पास झाली. तिच्या बँक खात्याची माहिती संगणकावर भरायचं काम माझ्याकडे होतं. पासबुकावर बँकेच्या शाखेचा एक संकेतांक छापलेला असतो. त्याला आयएफएससी म्हणतात. तो ११ जागांचा असतो. पहिल्या चार जागी इंग्रजी अक्षरं, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि उरलेल्या सहा जागांत शाखेची खूण. पासबुकाची छपाई पुसट होती. मी पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकला. दोघेही गोल गरगरीत, जुळे भाऊच जणू! संगणकानंही काही कुरकुर केली नाही. अर्ज गेला.

दोन महिने झाले, तीन झाले, पैसे काही येईनात. एक दिवस मुलीचे वडील शेतातून तसेच शाळेत आले. दारातच थांबून हळू आवाजात म्हणाले, “बाई, पोरगी खरंच पास झालीय ना?” शेजारी ती मान खाली घालून उभी होती. मला कसंसंच झालं. कागद काढून एकेक अक्षर ताडून पाहिलं, तेव्हा तो ‘ओ’ सापडला. मी म्हटलं, “पास झालीय, दादा. नापास मी झालेय!”

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. संगणकाला ही चूक कळली कशी नाही? त्याला अक्षर आणि अंक यांतला फरक समजतो तरी कसा?

तर ऐका. आपण ‘ओ’ बघतो, संगणक बघतो एक क्रमांक. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाची पद्धत ठरली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला हजेरीपटासारखा क्रमांक मिळाला. शून्याचा क्रमांक ४८, एकाचा ४९, असं करत नवाचा ५७. कॅपिटल ‘ए’चा ६५ आणि ‘झेड’चा ९०. स्मॉल अक्षरं ९७ पासून १२२ पर्यंत. म्हणजे आपल्याला जुळे वाटणारे ते दोघे संगणकाला मुळीच जुळे वाटत नाहीत. शून्य ४८ नंबरचं आणि ‘ओ’ ७९ नंबरचा!

चिन्हं एकापुढे एक ओवली की तयार होते माळ. प्रोग्रॅमच्या भाषेत तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. या माळेत काय आहे हे तपासायला संगणक एसटीच्या कंडक्टरसारखा पहिल्या सीटपासून निघतो. प्रत्येक चिन्हाला विचारतो, “तुझा नंबर ४८ ते ५७ मध्ये आहे का?” असेल तर तो अंक. “६५ ते ९० किंवा ९७ ते १२२ मध्ये आहे का?” असेल तर ते इंग्रजी अक्षर. दोन्हीकडे नसेल तर ते तिसरंच काहीतरी. रिकाम्या जागेलासुद्धा नंबर असतो बरं का, ३२!

आता नीट लक्ष द्या. वर्गात मी दोन प्रकारचे प्रश्न विचारते. “कुणाकडे खोडरबर आहे का?” एक हात वर झाला की माझं काम झालं, पुढे बघायला नको. दुसरा प्रश्न, “सगळ्यांनी गृहपाठ आणलाय का?” इथे एक जरी ‘नाही’ म्हणाला की उत्तर ‘नाही’. प्रोग्रॅममध्येही तसंच. ‘माळेत एखादा अंक आहे का?’ आणि ‘माळेत सगळे अंकच आहेत का?’ हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्यात पहिला ‘हो’ मिळताच थांबायचं, दुसऱ्यात पहिला ‘नाही’ मिळताच थांबायचं. भल्याभल्यांची गल्लत इथेच होते.

आणखी एक गंमत. माळ रिकामीच असेल तर? ‘सगळे अंकच आहेत का?’ विचारत निघालो, तर ‘नाही’ म्हणणारं कुणी भेटतच नाही. प्रोग्रॅम खुशाल म्हणतो, “हो!” म्हणजे कोऱ्या पेपरात एकही चूक नाही, म्हणून पैकीच्या पैकी गुण! तेव्हा आधी विचारावं, “माळेत काही आहे का?”

आता माझा अर्ज. त्यानं एवढंच विचारलं असणार : जागा ११ आहेत का? सगळी चिन्हं अक्षरं किंवा अंकच आहेत का? दोन्हींचं उत्तर ‘हो’. पण ‘पाचव्या जागी शून्यच आहे का?’ हे कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं. संगणक सांगितलेलं तेवढंच करतो.

मग आपली मराठी? जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’मध्ये देवनागरीचा पट्टा आहे २३०४ ते २४३१. ‘क’चा क्रमांक २३२५. आपले ० ते ९ हे अंक २४०६ ते २४१५. म्हणजे नुसतं ‘४८ ते ५७’ बघणाऱ्या प्रोग्रॅमला आपला ५ हा अंकच वाटत नाही! ‘पायथन’ ही प्रोग्रॅमची भाषा त्या मानानं शहाणी. तिला आपला ५ अंक म्हणून ओळखता येतो. पण तिला विचारलं, “कमल, या शब्दात सगळी अक्षरंच आहेत का?” तर म्हणते ‘हो’. “आणि मराठी या शब्दात?” तर म्हणते ‘नाही’! का बरं? कारण तिच्या लेखी ‘मराठी’ म्हणजे पाच चिन्हं : म, र, काना, ठ आणि वेलांटी. काना-वेलांटीला ती अक्षरांत मोजत नाही. म्हणून मराठी नावं तपासणारा प्रोग्रॅम लिहिताना काना-मात्रा-वेलांटी यांनाही आत घ्या, असं मुद्दाम सांगावं लागतं. नाहीतर ‘कमल’चा अर्ज जाईल आणि ‘सीता’चा परत येईल!

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. अर्ज भरताना मुलांना शेजारी बसवा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवून ताडायचं. आमच्या शाळेत आता हेच चालतं. आणि बोट ठेवायचं काम कोण करतं, ठाऊक आहे? तीच मुलगी! तिचे पैसे दुरुस्तीनंतर जमा झाले. आता तिच्या नजरेतून एकही ‘ओ’ सुटत नाही.

चला, आता तुम्ही व्हा कंडक्टर. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. नियम तीन : जागा सहा, सगळे अंक, पहिला अंक शून्य नाही. मग यांपैकी कोण पास?

(१) ४११०३०
(२) ०११४०३
(३) ४११०३
(४) ४१ १०३

चौथ्याला जरा जपून हं! जागा मोजा आणि कोण कुठे बसलंय ते बघा.

पुढच्या आठवड्यात भेटू!

तुमच्या बाई

(उत्तर : फक्त पहिला पास. दुसऱ्याच्या आरंभी शून्य, तिसऱ्यात एक जागा कमी आणि चौथ्यात जागा सहाच, पण तिसऱ्या जागी बसलीय ३२ नंबरची रिकामी जागा!)