कोंपेइतो ‘जपानी’, मग हलवा पोरखेळ?

१५६९ साली पोर्तुगीज पाद्री लुईस फ्रोइस याने ओदा नोबुनागाला काचेच्या बाटलीतून ‘कोंपेइतो’ भेट दिला. साखरेची हीच काटेरी गोळी आज ‘पारंपरिक जपानी मिठाई’ म्हणून प्रवासी कौतुकाने घरी आणतात. वास्तविक तिचे नावसुद्धा पोर्तुगीज! क्योतोत १८४७ पासूनचे एक दुकान तिच्यावरच उभे आहे. तिच्यात कला दिसते; मग यवतमाळच्या नेरमध्ये संक्रांतीला बाळाच्या अंगावर दागिने होऊन चढणारा हलवा तेवढा पोरखेळ कसा? मंद आचेवर तीळ वा खसखस, त्यावर चमचा-चमचा पाक, चटके सोसत बोटांनी तासन्‌तास फिरवणे. तेव्हा कुठे काटा फुटतो. जपानने परक्याची मिठाई आपली केली. इथे घरचा हलवा बोरन्हाण उरकताच विसरला जातो आणि निघालेल्या पाहुण्याच्या हाती पुडक्यातली बर्फी ठेवली जाते.