स्वच्छ रस्ते आणि लपलेली जात

आमचे अनेक उपासक-उपासिका जपानची सहल करून येतात आणि एकच वाक्य सांगतात, ‘बुद्धाचा देश पाहिला, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसला नाही.’ कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. त्यास अभिवादन करण्यासाठी आम्हीही गेलो. टोकियो, क्योटो, ओसाका अशी आठ दिवसांची धावपळ झाली. हे बांधव सांगतात ते खरे आहे. पण ते अर्धे सत्य आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फलाटावर आखलेल्या पट्ट्यांवर माणसे ओळीने उभी राहतात. डब्यात कुणी मोबाईलवर बोलत नाही. कचराकुंडी शोधून सापडत नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाल्यावर अनेक कुंड्या हटवल्या गेल्या. लोक आपला कचरा घरी नेतात. आम्हीही केळ्याची साल संध्याकाळपर्यंत पिशवीत बाळगली. शाळेत मुले आपला वर्ग, आपला जिना स्वतः झाडतात. तिथे झाडू सर्वांच्या हातात आहे. आपल्याकडे तो जात पाहून दिला जातो. गटारात मेलेल्या कामगाराची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीस लाख केली, पण मरणाऱ्याची जात बदलली नाही.

मग जपान जातमुक्त आहे काय? मुळीच नाही! कातडी कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे लोक तिथेही शतकानुशतके अपवित्र ठरले. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. चेहरा एक, भाषा एक, तरी बहिष्कृत! १८७१ मध्ये सरकारी हुकुमाने हा हीन दर्जा रद्द झाला. १९४७ पासून अमलात असलेल्या राज्यघटनेचे १४ वे कलम कुळावरून भेदभाव करण्यास मनाई करते. तरीही १९७५ मध्ये बुराकु वस्त्यांच्या नावांची गुप्त यादी उघडकीस आली. दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. कशासाठी? नोकरीच्या उमेदवाराचे मूळ शोधण्यासाठी! लग्न ठरवताना गुप्तहेर लावून सोयरिकीचे कूळ तपासले जाई. २०१६ मध्ये भेदभाव निर्मूलनाचा कायदा आला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. अशीच यादी प्रसिद्ध करणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यात टोकियो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भेदभाव न होण्याचा हक्क मान्य केला.

आणि बुद्धविहारे काय करीत होती? मृताला धार्मिक नाव देण्याची तिथे प्रथा आहे. अनेक विहारांनी बुराकु मृतांच्या नावात पशुत्व सूचित करणारी अक्षरे घातली. मेल्यावरही जात! १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभावच नाही, असे सांगितले. पुढे पंथाला चूक कबूल करावी लागली.

बुराकुंना वाचवले ते त्यांच्या स्वतःच्या लढ्याने. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत सुइहेशा ही त्यांची संघटना स्थापन झाली, महाडच्या संगराच्या पाच वर्षे आधी. त्यांचे नेते जिइचिरो मात्सुमोतो पुढे वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले.

यातून आम्ही काय घ्यावे? नुसते बुद्धाचे नाव घेतल्याने जात मरत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान आहेत, हे त्यांनी आमच्याकडून वदवून घेतले. आणि आम्ही? आमच्याच वधू-वर मेळाव्यात अजून हळूच विचारले जाते, ‘पोटजात कोणती?’ हा प्रश्न विचारणारा आणि यादी विकत घेणारी कंपनी यांत फरक काय?

जपानहून येणाऱ्या बांधवांनी बुद्धमूर्ती जरूर आणावी. मात्र घरी आल्यावर आधी झाडू हातात घ्यावा आणि सोयरीक जुळवताना पोटजातीचा रकाना फाडून टाकावा. जयभीम!