कुणाचंच नसलेलं मांजर



गोठ्यातल्या बैलाचा खूर दुखावला किंवा म्हशीनं वैरण सोडली की घरात केवढी धावपळ होते! शेजारचे काकासुद्धा विचारपूस करायला येतात. पण एस.टी. स्टँडच्या मागे नाहीतर बाजार समितीच्या आवारात राहणारं एखादं मांजर तीन पायांवर लंगडत गेलं, तर? "मांजराची जात चिवट, चाटून चाटून बरं होईल," असं म्हणून आपण मोकळे होतो.

खरं सांगायचं तर मांजराला दुखतं आणि पुष्कळ दुखतं. फक्त ते दाखवत नाही. दुबळा प्राणी दिसला की कुत्री त्याच्यावर टपतात, म्हणून जखमी मांजर आवाज न करता अडगळीत जाऊन बसतं. दोन बोके भांडले की दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते. कातडी लगेच मिळून येते, पण जंतू आतच राहतात आणि दोन-चार दिवसांत तिथे पू होऊन गळू येतं. ते चाटून बरं व्हायचं नाही. त्याला दवाखानाच हवा.

मग आपण काय करायचं? आधी काय करायचं नाही, ते ऐका.

९ एप्रिल २०२४ ची ही घटना आहे. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीचा उपयोग शेणाच्या खड्ड्यासारखा केला जात होता. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना, म्हणून त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा... असे सहा जण उतरले. त्यांतले पाच जण दगावले. शेण कुजताना विषारी वायू तयार होतात आणि खाली प्राणवायू उरत नाही. दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. ती माणसं दयाळूच होती, पण नुसत्या दयेनं भागत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही जुन्या विहिरी आणि गोबरगॅसचे खड्डे काही थोडे नाहीत. म्हणून विहिरीत, खड्ड्यात किंवा टाकीत कुणीही उतरायचं नाही. मोठ्या माणसांना हाक मारायची, वरून दोरीनं टोपली सोडायची, शहरात असाल तर अग्निशमन दलाला कळवायचं. कबूल?

आता जमिनीवर सापडलेल्या मांजराकडे वळू. भटक्या मांजराला माणसाच्या हाताची सवय नसते. आपण मदतीला आलोय हे त्याला कसं कळणार? ते चावणारच. म्हणून मांजर धरण्याचं काम आई, बाबा किंवा मोठ्या दादानं करायचं. तुम्ही बाकीच्या मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवायचं, तेही काम मोठंच आहे. जाड गोणपाट किंवा जुनं पांघरूण अलगद मांजरावर टाकावं, वरून टोपली पालथी घालावी आणि खालून पुठ्ठा सरकवावा. मग भोकं पाडलेल्या खोक्यात त्याला ठेवून वर कापड झाकावं. अंधार झाला की मांजर शांत होतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं जखम दाबून धरावी. उन्हाळ्यात खोकं उन्हात ठेवू नये. विदर्भातलं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आणि हो, घरातलं औषध मुळीच द्यायचं नाही. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, एका गोळीनंही ते मरू शकतं. जखमेवर फिनेल किंवा रॉकेल ओतणं तितकंच वाईट. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी किंवा दूधही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं.

न्यायचं कुठे? तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे रोजचं काम गाई-म्हशींचं आणि शेळ्यांचं, म्हणून आधी फोन करून विचारावं. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरची फिरती गाडी मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, पण चौकशी करायला काय हरकत आहे? मोठी शस्त्रक्रिया लागली तर खामगाव-शेगावकडच्या लोकांना अकोल्याची पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था फार लांब नाही. पण शेतात सापडलेला प्राणी लांब पायांचा, आखूड शेपटीचा आणि शेपटीच्या टोकाशी काळी वलयं असलेला दिसला, तर थांबा! ते रानमांजर असेल. १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. हात न लावता वनविभागाला १९२६ वर कळवा.

मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं तर लपवायचं नाही, बरं का! "आई रागावेल" म्हणून गप्प बसणं जिवावर बेतू शकतं. मांजरापासूनही रेबीज होतो आणि एकदा लक्षणं दिसू लागली की तो बरा होत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यायची. आई-बाबांनो, मूल हे सांगायला आलं तर आधी दवाखाना गाठा, रागवायचं ते नंतर.

कधी कधी फार उशीर झालेला असतो. डॉक्टर म्हणतात, "आता इलाज नाही." तेव्हा रडू येईल, येऊ द्या. शेवटचा तास त्या जीवानं नालीत न काढता सावलीत, कुणाच्या तरी सोबतीनं काढला, हेही काही कमी नाही. आणि जे बरं होईल, त्याला औषधं पूर्ण झाल्यावर जिथून आणलं तिथेच सोडा. तिथल्या वाटा त्याच्या ओळखीच्या असतात.

आपल्या राज्यघटनेतल्या ५१ क या कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे त्यांतलंच एक. परीक्षेत तुम्ही ते लिहिता आणि त्याचे गुणही मिळतात. या रविवारी आणखी एक काम करा. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर आणि वेळ विचारून या, आणि वहीच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो!