‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, घरात सासूबाईंना किंवा आईला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झाला की आपल्या तोंडी एक वाक्य हटकून येतं : “तुम्ही बसा, मी करते.” त्यात माया असते आणि खरं सांगायचं तर घाईही असते. पोलक्याची हुकं लावायला त्यांना दहा मिनिटं लागतात. तोवर डबे, शाळा, दूध सगळंच खोळंबतं. पण रोज असं होऊ लागलं की हातांची सवय मोडते, आणि ‘आता माझा काही उपयोग नाही’ हे मनात घर करून बसतं.

या आजारात मेंदूतलं डोपामीन नावाचं द्रव्य कमी पडतं. नुसता हात थरथरतो असं नाही. अंग ताठरतं, हालचाली मंदावतात, आजवर आपोआप होणारी कामं लक्ष देऊन करावी लागतात. गोळ्या हव्यातच. पण रोजची कामं स्वतःची स्वतः कशी करावीत, हे शिकवणारी निराळी विद्या आहे : व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. इथं ‘व्यवसाय’ म्हणजे नोकरीधंदाच नव्हे. आंघोळ, जेवण, भाजी निवडणं हेही त्यात आलं. जन्मानं अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. डॉक्टरांना विचारून अशा तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्या.

घरी एवढं तर करता येईल :

गोळीचा असर कोणत्या वेळी चांगला असतो ते आठवडाभर वहीत टिपा. आंघोळ, वेणीफणी त्या वेळात ठेवा.

पोलक्याला हुकांऐवजी वेलक्रोची पट्टी लावा, साडीच्या निऱ्या शिवून ठेवा. कपडे बसूनच घालावेत. जास्त ताठरलेला हात बाहीत आधी.

ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही. चहा अर्धा कपच द्या, हवा तर पुन्हा द्या. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

उंबऱ्याशी पाय खिळले तर हात धरून ओढू नका बरं! थांबू द्या. भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊन, ‘एक, दोन’ म्हणत मोठं पाऊल टाकायला सांगा. तिथं जमिनीवर पावला-पावलाच्या अंतरानं रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या तर पाऊल उचलायला मदत होते. चालताना गप्पा नकोत; वाटेतली पायपुसणी उचला.

न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी आणि बसायला न घसरणारं स्टूल हवं. इथं मात्र जवळ राहा. गॅसपाशी उभं राहण्याचं कामही आपल्याकडे घ्या.

मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, देवाची फुलं ही कामं त्यांचीच राहू द्या. घडी वाकडी झाली तर त्यांच्यादेखत ती पुन्हा घालू नका. आणि सकाळची घाई चुकत नसेल, तर त्यांची तयारी डबे गेल्यावर ठेवा. वेळ त्यांना लागतोच. तो आपण दिवसात कुठं बसवायचा, एवढंच ठरवायचं आहे.