पुस्तक मिटा, मग अभ्यासाला बसा

धडा तीनदा वाचून झालाय. महत्त्वाच्या ओळी हायलाइटरने रंगवल्यात, इतक्या की आता न रंगवलेली ओळच शोधावी लागते. आणि पेपरात नेमका त्याच धड्यावरचा प्रश्न आला की काय होतं? उत्तर डाव्या पानावर, आकृतीच्या खाली होतं हे आठवतं. फक्त उत्तर आठवत नाही.

तुमच्या बाबतीत असं होत असेल तर सगळ्यात आधी एक विचार मनातून काढून टाका. ‘माझं डोकंच कमी चालतं’ हा तो विचार. अकरावी-बारावीत रोज सहा-सहा तास बसूनही मार्क हलत नाहीत, तेव्हा मुलं स्वतःवरच शिक्का मारून मोकळी होतात. मग हवी ती शाखा, हवं ते कॉलेज यांचा फॉर्म भरण्याआधीच माघार घेतात. खरं तर बहुतेक वेळा कमतरता डोक्यात नसते, अभ्यासाच्या पद्धतीत असते. आणि पद्धत बदलता येते.

ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं

गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणताना तुमचा एकही शब्द चुकत नाही. पण तीच आरती एकट्याने म्हणायला सांगितली की दुसऱ्या कडव्याला गाडी अडते. कारण घोळक्यात तुम्ही शब्द आठवत नसता, कानावर पडलेले ओळखत असता.

धडा पुन्हा पुन्हा वाचताना हेच घडतं. प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ‘हे मला येतंय’ असा भास होतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो आणि तिथे ओळखून भागत नाही, आठवावंच लागतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने चार सत्रांत उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा फक्त वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

म्हणूनच रात्री वाचलेलं झोपताना ‘पक्कं’ वाटतं आणि आठवड्याने हातात काहीच उरत नाही. वाचनावर तुमचा वेळ गेला हे खरं, पण आठवण्याचा सराव झालाच नाही.

कोऱ्या कागदाची सवय

करायचं काय? एक छोटा भाग घ्या, अख्खा धडा नको. लक्ष देऊन वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आकृती असेल तर काढा. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनने राहिलेलं भरा आणि चुकलेलं दुरुस्त करा. त्या दुसऱ्या रंगात जे दिसतं, तो तुमचा खरा अभ्यास. पुढच्या वेळी सगळा धडा नाही, तेवढाच भाग आधी घ्यायचा.

कॉमर्सला असाल तर भागीदाराच्या प्रवेशाचं सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नका. प्रश्न ठेवा, उत्तर झाका आणि पुनर्मूल्यांकन खातं स्वतः तयार करा. सायन्सला असाल तर रक्त हृदयात कुठून येतं, कुठे जातं, हे बाण काढून पूर्ण करा. आर्ट्सला असाल तर एखाद्या घटनेची कारणं आणि परिणाम मोजके मुद्दे करून लिहा, नंतर पडताळा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कागद बराचसा कोराच राहील. चिडचिड होईल, ‘वाचणं बरं होतं’ असंही वाटेल. थांबू नका. आठवताना जो ताण येतो, त्यानेच ते डोक्यात बसतं.

उजळणी कधी करायची?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून जास्त पाठांतर निसटतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. अर्थ समजून शिकलेलं इतक्या झपाट्याने जात नाही, पण जातं हे नक्की.

म्हणून एकाच दिवशी चार तास एका धड्याला देण्यापेक्षा तेच तास वाटून द्या. आज शिकलेलं उद्या दहा मिनिटं, मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी आधी कोरा कागद, नंतर पुस्तक. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात धड्याचं नाव लिहून ठेवलं तरी पुरे, वेगळं अॅप लागत नाही.

चुकांची वही

चाचणीचा पेपर हातात आला की आपण मार्क बघतो आणि पेपर कपाटात जातो. त्याऐवजी एक वही करा आणि गेलेला प्रत्येक मार्क तीनपैकी एका रकान्यात लिहा. पहिला : माहीतच नव्हतं. दुसरा : माहीत होतं, आठवलं नाही. तिसरा : येत होतं, पण घाई झाली, प्रश्न नीट वाचला नाही किंवा वेळ पुरला नाही.

तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी शिक्षकांकडे जाऊन समजून घ्या. दुसऱ्यासाठी कोरा कागद. तिसऱ्यासाठी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा. सीबीएसई दरवर्षी नमुना प्रश्नपत्रिका आणि त्यांची गुणदान योजना आपल्या संकेतस्थळावर देते. एनसीईआरटी आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकंही ऑनलाइन मोफत मिळतात. महागड्या प्रश्नसंचांची रास लावण्याआधी हे वापरून बघा.

अकरावी म्हणजे सुट्टी नव्हे

‘दहावी झाली, आता एक वर्ष निवांत’ हा सल्ला जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतो. तो महागात पडतो. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीमध्ये सुमारे २० टक्के भर अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. जेईई आणि नीटमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो.

उलट काही जण प्रवेश परीक्षेच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवतात. जेईई मेनमधून एनआयटीत प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारण गटासाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा बोर्डातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. बारावीत बहुतेक विषयांत २० किंवा ३० गुण प्रात्यक्षिक, प्रकल्प किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. जर्नल वेळेवर पूर्ण करणाऱ्याला ते सहज मिळतात.

दिल्ली, हैदराबाद, वाराणसी अशा ठिकाणच्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीसाठी जायचं असेल तर २०२२ पासून सीयूईटी ही परीक्षा आली आहे. ती १३ भाषांत देता येते आणि त्यात मराठीही आहे. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. ‘ओळखीचं वाटतंय’ म्हणून पर्याय निवडणाऱ्याला तिथे थेट फटका बसतो.

कॉलेजात कुणी विचारणार नाही

आतापर्यंत आई उठवत होती, क्लासचे सर चाचणी घेत होते, शाळेतून घरी फोन येत होता. कॉलेजात वर्ग मोठा असतो आणि सेमिस्टर बघता बघता संपतं. वही तपासायला कुणी नसतं. हॉस्टेलवर राहिलात तर उठवायलाही कुणी नसतं. म्हणून स्वतःची चाचणी स्वतः घ्यायची सवय आत्ताच लावलेली बरी.

मराठी माध्यमातून इंग्रजीत जाणार असाल तर आणखी एक काम. प्रत्येक विषयाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखा, एका बाजूला मराठी संज्ञा आणि दुसऱ्या बाजूला तिचा इंग्रजी शब्द. रोज पाच शब्द केलेत तरी दोन महिन्यांत तीनशे होतात. संकल्पना तुम्हाला आधीच येत असते, फक्त तिचं नवं नाव शिकायचं असतं.

आणि हो, झोप. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोपेची शिफारस तज्ज्ञ करतात. दिवसभर शिकलेलं झोपेत मुरतं. तेव्हा रात्री दोनपर्यंत जागल्याचा अभिमान नको. आणि अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर पालथा नाही.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

‘आज किती तास बसलास?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवून बघा. तासांची चौकशी झाली की मुलं तास दाखवायला शिकतात. त्याऐवजी जेवताना विचारा, ‘आज जे शिकलीस त्यातलं एक मला पुस्तक न बघता सांग ना.’ विषय तुम्हाला कळायलाच हवा असं नाही. आजीला समजेल असं सांगता आलं, तर ते मुलीला नक्की समजलंय.

आणि तिचा कागद अर्धा कोरा दिसला तर रागावू नका. घरी कोरा राहिलेला भाग परीक्षेआधी भरून काढता येतो, हे तिला तुमच्याकडून कळू द्या. ओरडा बसला की ती पुन्हा हायलाइटर हातात घेईल, कारण रंगवलेलं पान बघून कुणी ओरडत नाही.

आज रात्री सगळं वेळापत्रक बदलायला जाऊ नका. सगळ्यात अवघड वाटणाऱ्या विषयातली दोन पानं निवडा, वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा आणि दहा मिनिटं लिहा. कागदावर तारीख टाकून तो जपून ठेवा. पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लिहा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.